एक पत्र, दीडशे पत्ते

फेब्रुवारी संपत आला, ऊन तापायला लागले, की आमच्या घरी एक पत्र लिहिले जाते. ‘नमस्कार. यंदाच्या वाळवणाची मागणी घेणे सुरू केले आहे.’ खाली कुरडया, ज्वारीचे पापड, सांडगे, शेवया आणि त्यांचे भाव. आळेफाट्याला आम्ही सहाजणी मिळून हे काम करतो. गिऱ्हाइके म्हणजे बहुतेक आपलीच माणसे. नोकरीधंद्यासाठी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकला गेलेली जुन्नर-आंबेगावकडची कुटुंबे, त्यांच्या शेजारणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, आणि परदेशी गेलेल्या चार-दोन लेकी. सगळे मिळून दीडशेच्या आसपास पत्ते.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअ‍ॅप असताना ई-मेल कशाला? आम्हीही आधी तेच केले. पण ग्रुप केला की एकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि भावाच्या यादीवर सकाळ-संध्याकाळच्या सुप्रभातांचा ढीग पडतो. ब्रॉडकास्ट यादी केली, तर ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. शिवाय ऑफिसात बसणाऱ्या बायकांना भावाचा तक्ता मेलमध्येच बरा वाटतो. छापून शेजारच्या टेबलावर देता येतो. म्हणून मुलाने पुण्याला जाताना घरी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम बसवून दिला. तो फुकट मिळतो. पत्त्यांची वही त्यातच करता येते आणि एका नावाखाली दीडशे पत्ते बांधून ठेवता येतात. एक बटण दाबले की काम झाले, असे त्याने सांगितले होते.

पहिल्या वर्षी रात्री साडेनऊला मी ते बटण दाबले. पडद्यावर चौकट उगवली : पत्र पाठवता आले नाही. पुन्हा दाबले, पुन्हा चौकट. “अगं, फोन कर की सगळ्यांना,” हे आतून म्हणाले. दीडशे फोन! इथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची दुर्बीण आहे. अशा ३० तबकड्या आकाशातल्या लांबच्या लांब ताऱ्यांची कुजबुज ऐकतात, आणि मला फाट्यावरून ठाण्याला शेवयांचा भाव कळवता येईना.

त्या रात्री आणि पुढच्या दोन वर्षांत जे शिकले ते सांगते. महिला मंडळाच्या, शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या किंवा सोसायटीच्या नोटिशी पाठवण्याचे काम तुमच्यापैकी कुणाच्या गळ्यात पडले असेल, तर उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या कॉम्प्युटरवरचा हा प्रोग्रॅम स्वतः पत्र पोचवत नाही. तो म्हणजे लिहिण्याचे मेज आणि पत्त्यांची वही, एवढेच. पत्र तो आपल्या मेल-कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवतो. सर्व्हर म्हणजे आमचा फाटा समजा. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे (आता अहिल्यानगर म्हणायचे) जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. उतारू इथे उतरतो आणि आपल्या दिशेची गाडी धरतो. तसा सर्व्हर एकेक पत्ता पाहून पत्र त्या त्या दिशेला लावतो. तेव्हा पत्र तीन ठिकाणी अडू शकते : घरातून फाट्यापर्यंत, खुद्द फाट्यावर, किंवा ज्याला लिहिले त्याच्या दाराशी. कुठे अडले हे कळण्याआधी बटणे दाबत सुटू नये. मी दाबली, म्हणून सांगते.

पहिली परीक्षा सोपी आहे. स्वतःच्याच पत्त्यावर एक ओळीचे पत्र पाठवा. ते गेले, तर कॉम्प्युटर, पासवर्ड आणि इंटरनेट तिघेही निर्दोष. दोष यादीत आहे. तेही गेले नाही, तर यादीला हात लावू नका.

एकटे पत्रही जात नसेल, तर आधी प्रोग्रॅम ‘ऑफलाइन’ करून ठेवला नाही ना ते बघा. थंडरबर्डमध्ये आणि जुन्या आउटलुकमध्येही अशी सोय आहे, आणि चुकून एक टिचकी बसली की पत्रे आउटबॉक्समध्ये मुकाट बसून राहतात. मग कॉम्प्युटरची तारीख पाहा. हसू नका! बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधली बटणासारखी गोल बॅटरी संपली, की तो कुठल्या तरी जुन्याच सालात जाऊन बसतो. सर्व्हरची ओळखपत्रे ठरावीक मुदतीची असतात. तारीख चुकली की ती त्याला खोटी वाटतात आणि तो बोलायलाच नकार देतो. आमच्याकडे वीज गेली की हेच व्हायचे. बॅटरी स्वस्तात मिळते, आणि ती बसवायला दुकानदाराला पाच मिनिटेही लागत नाहीत.

तिसरा मुद्दा पासवर्डचा. जीमेल वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की मे २०२२ अखेर गूगलने साधा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून पत्र पाठवण्याची सोय बंद केली. ‘कालपर्यंत चालत होते’ म्हणणाऱ्या पुष्कळांचे घोडे तिथेच अडले. आता दोन मार्ग आहेत. एक, प्रोग्रॅममध्येच गूगलची खिडकी उघडते, तिच्यात रीतसर प्रवेश करणे. दुसरा, खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ मागून घेणे आणि तो प्रोग्रॅमला देणे. मुख्य पासवर्ड बदललात की हा ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा घ्यावा लागतो. माझ्या जाऊबाईंनी भाच्याच्या सांगण्यावरून पासवर्ड बदलला आणि आठवडाभर प्रोग्रॅमला शिव्या देत बसल्या.

विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ नावाचा साधा प्रोग्रॅम ज्या वापरत होत्या, त्यांच्यासाठी एक वेगळे. तो २०२४ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेच बंद केला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आणले. त्यातून पत्र जात नसेल, तर तुमचे काही चुकलेले नाही.

उरते ती दाराची गोष्ट. सर्व्हरला पत्र देण्याचे दार आकड्याने ठरते, त्याला पोर्ट म्हणतात. जुन्या पुस्तकात २५ लिहिलेले सापडेल. पण फालतू जाहिरातींचा पूर आवरण्यासाठी पुष्कळ इंटरनेट कंपन्या ते बंद ठेवतात. सेटिंगमध्ये ५८७ आणि त्याच्यासोबत स्टार्ट-टीएलएस, किंवा ४६५ आणि त्याच्यासोबत एसएसएल, असे असले की चालते. पुन्हा एकदा : पत्ता जीमेलचा असेल, तर बाहेर जाणारा सर्व्हरही जीमेलचाच हवा. पत्ता एका कंपनीचा आणि टपाल दुसऱ्या कंपनीच्या पेटीत, असे केले की पुढे त्या पत्राकडे सगळे संशयाने बघतात.

आता यादी. माझा दोष इथे होता. एका ताईंचा पत्ता मी वहीतून उतरवताना ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कॉन’ लिहिला होता, आणि दुसरीच्या नावापुढे एक मोकळी जागा सुटली होती. सर्व्हरने एकच पत्ता नाकारला तरी थंडरबर्ड अख्खे पत्र थांबवतो, उरलेल्या एकशेएकोणपन्नासांचेही. लग्नाच्या पंगतीत एक पान कमी पडले म्हणून कुणालाच वाढू नये, तसा प्रकार! चौकटीत नाकारलेला पत्ता बहुधा लिहिलेला असतो. ती घाईने मिटवू नका, आधी वाचा.

चौकटीत पत्ता दिला नसेल, तर यादी अर्धी करा. पंचाहत्तरांना पाठवा. गेले, तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. तो अर्धा पुन्हा अर्धा करा. सात-आठ खेपांत दोषी पत्ता एकटा उरतो. ज्यांना पत्र गेले त्यांच्या नावावर खूण करत चला, नाहीतर एकीला चारदा भाव कळेल.

पत्ते हाताने ओळीने लिहीत असाल, तर मधले चिन्ह बघा. थंडरबर्डला स्वल्पविराम चालतो. जुन्या आउटलुकला मात्र दोन पत्त्यांच्या मध्ये अर्धविराम लागतो, स्वल्पविराम दिला तर तो गोंधळतो. यादीला नावही साधे एका शब्दाचे द्या. ‘वाळवण’ पुरे. मी ‘वाळवण गिऱ्हाइके पुणे-मुंबई (जुनी)’ असे नाव ठेवले होते. प्रोग्रॅम त्या नावालाच पत्ता समजून ‘हा पत्ता बरोबर नाही’ म्हणून रडत होता. यादी पुसून नव्या नावाने केली, तेव्हा सरळ झाला.

किती जणांना पाठवता येते, यालाही मर्यादा आहे. जीमेलच्या फुकट खात्यातून दिवसाला ५०० पत्ते. पत्र एकच असले तरी पत्ते मोजले जातात. दीडशेजणींना एका दिवसात चार वेगळी पत्रे धाडलीत तर सहाशे झाले, आणि खाते एक दिवसापर्यंत पाठवणे बंद करते. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी ते आपोआप सुरू होते. मी चाळीस-चाळीसच्या तुकड्या करते, मध्ये चहा घेते. फोटो जोडणार असाल तर जीमेलची २५ एमबीची हद्द आहे. पण जोडलेली वस्तू वाटेत सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणून १८ च्या आतच राहावे. कुरडयांचे बारा फोटो कुणालाही नको असतात, एक चांगला पुरे.

तर त्या रात्री ‘कॉन’चे ‘कॉम’ झाले, मोकळी जागा गेली, यादीचे नाव बदलले. साडेअकराला बटण दाबले. खाली एक सूचना आली. ती मी न वाचताच मिटवली, इतकी कंटाळले होते. पत्र गेले. ह्यांना उठवून सांगितले आणि झोपले.

सकाळी दहाला फोन आला. गावातल्याच एका घरची लेक. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. सासरी फार सोसून ती दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन बाहेर पडली होती, दुसऱ्या शहरात नोकरी धरली होती, कोर्टात प्रकरण चालू होते. कुठे राहते, काय करते, हे तिने आईखेरीज फार थोड्यांना सांगितले होते. दरवर्षी आमच्याकडून शेवया घ्यायची, म्हणून तिचा पत्ता माझ्याकडे होता. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “काकू, तुमच्या पत्रात माझा पत्ता सगळ्यांना दिसतोय. त्यात माझे दीरही आहेत. त्यांचा मेल आलाय मला सकाळी. कुठे नोकरी करतेस ते कळलं म्हणतात.”

ऑफिसचाच पत्ता होता तो. ॲटच्या चिन्हापुढे कंपनीचे नाव. दीरही आमचे गिऱ्हाईक, दोन वर्षांपासून पापड नेत होते. माझ्या ध्यानीमनीही आले नाही. मी दीडशे पत्ते ‘टू’ या रकान्यात घातले होते. तिथे घातलेला प्रत्येक पत्ता पत्र मिळालेल्या प्रत्येकाला दिसतो. रात्री जी सूचना मी मिटवली, ती नेमके हेच सांगत होती : हे सर्व लोक एकमेकांचे पत्ते पाहतील. नव्या थंडरबर्डमध्ये पुष्कळ पत्ते उघड्या रकान्यात घातले की तो असे बजावतो आणि पत्ते झाकण्याची सोयही तिथेच पुढे करतो. यंत्राने मला सांगितले होते!

गेलेले पत्र परत बोलावता येत नाही. आउटलुकमधली परत बोलावण्याची सोय एकाच ऑफिसच्या आतल्या आत कामाला येते, बाहेरच्या पत्त्यांना नाही. जीमेलच्या स्वतःच्या पानावरून पाठवले तर फार तर तीस सेकंद मिळतात. मी रात्रभर झोपले होते.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनच्या एका दवाखान्याने एचआयव्ही तपासणी-उपचारांसंबंधीचे माहितीपत्रक ७८१ जणांना असेच उघड्या रकान्यात पत्ते घालून पाठवले. बहुतेक पत्त्यांत पूर्ण नावे होती. पुढच्या वर्षी त्यांना १ लाख ८० हजार पौंडांचा दंड झाला. दंड भरता येतो. नावे परत झाकता येत नाहीत.

उपाय अगदी साधा आहे, आणि तुमच्या-माझ्या आयांना तो ठाऊक होता. टाइपरायटरवर एका कागदाखाली कार्बन घालून दुसरी प्रत काढत, तिलाच ‘सीसी’, कार्बन कॉपी म्हणत. कोणाला प्रत गेली ते पत्राच्या खाली लिहिलेले असे. जिची नोंद पत्रावर ठेवायची नाही अशा प्रतीला ‘बीसीसी’ म्हणत. मेलमध्ये तीच अक्षरे उतरली आहेत. ‘टू’मध्ये स्वतःचाच पत्ता घाला, आणि बाकी सगळी यादी ‘बीसीसी’मध्ये. मग प्रत्येकीला पत्र मिळते, पण दुसरी कोण ते दिसत नाही. थंडरबर्डमध्ये पत्र लिहिण्याच्या खिडकीत वर उजवीकडे ‘बीसीसी’ लिहिलेले असते, त्यावर टिचकी मारली की रकाना उघडतो. जुन्या आउटलुकमध्ये तो आधी दिसत नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन दाखवायला सांगावे लागते. एकदा हे करून पाहा, घरातल्या दोन-तीन पत्त्यांवर, आणि मुलाच्या किंवा जावेच्या फोनवर पत्र कसे दिसते ते डोळ्यांनी बघा. मगच यादीला हात घाला.

बीसीसीचा आणखी एक फायदा. उघड्या यादीत कुणी ‘सर्वांना उत्तर’ दाबले, की तिचे उत्तर दीडशे घरांत जाते. माझ्या त्या पत्राला ठाण्याच्या एका बाईंनी ‘माझ्या दोन किलो कुरडया, पैसे मागच्या वेळचेही बाकी आहेत’ असे सर्वांना कळवले! मग तिघींनी ‘हे मला का पाठवले’ असे विचारले, तेही सर्वांनाच. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत चुकून लाखो कर्मचाऱ्यांना गेलेल्या एका चाचणी-पत्राचे असेच झाले, आणि उत्तरांच्या लोंढ्याने मेल-सेवा काही तास मंदावली. आणि ज्या पत्राला जाहिरातींच्या मेलचे मूळपुरुष मानतात, ते मे १९७८ मध्ये गॅरी थर्क या कॉम्प्युटर-विक्रेत्याने अमेरिकेत सुमारे चारशे जणांना पाठवले होते. त्यातही पत्ते इतके झाले, की ते रकान्यात न मावता खाली मजकुरात सांडले. म्हणजे ही रडकथा तेव्हापासूनची.

त्याच सकाळी परत आलेली पत्रेही होती. ‘मेलर डेमन’ नावाचा कुणी पाठवतो. तो माणूस नव्हे, सर्व्हरच. पोस्टमन पाकिटावर ‘पत्ता अपुरा’, ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’ असे शेरे मारून आणत असे, तसे याचे आकडी शेरे असतात. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर कायमची. ५५० बहुधा ‘या नावाचे इथे कुणी नाही’ म्हणून येतो, ५५२ ‘पेटी भरली आहे’ म्हणून. ५३५ दिसला तर तो तुमच्याच पासवर्डचा दोष. पाचाचा शेरा आलेला पत्ता यादीतून त्याच दिवशी काढा किंवा फोन करून दुरुस्त करा. मेलेल्या पत्त्यांवर पुनःपुन्हा पत्रे टाकणाऱ्याकडे सर्व्हर संशयाने बघू लागतात.

आणि काहींना पत्र पोचते, पण स्पॅमच्या पेटीत. पंधरा दिवसांनी नाशिकच्या एका वन्संचा फोन आला, “यंदा आमच्याकडे पत्र नाही पाठवलंस?” गेले होते, स्पॅममध्ये पडले होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले आहेत. त्यातले कडक भाग दिवसाला पाच हजार पत्रे टाकणाऱ्यांसाठी आहेत, आपल्यासारख्यांना त्याची झळ कमी. तरी विषयाच्या ओळीत ‘मोफत’, ‘आजच’, ‘!!!’ असे काही घालू नये. आमची ओळ साधी असते : ‘आळेफाट्याचे वाळवण, यंदाचे भाव’. पत्राच्या शेवटी ‘पत्र नको असेल तर कळवा, नाव काढू’ असे एक वाक्य, आणि कळवले की खरेच नाव काढायचे. नवे गिऱ्हाईक आले की त्याला आधी आम्हालाच एक मेल टाकायला आणि आमचा पत्ता त्याच्या वहीत लिहून ठेवायला सांगतो. बहुतेकांच्या बाबतीत तेवढ्याने भागते.

त्या मुलीचे काय झाले, ते विचाराल. मी तिची माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी तिने ऑफिसात साहेबांना आणि तिच्या वकीलबाईंना सगळे सांगितले, दिराचा मेल छापून प्रकरणाला जोडला. ऑफिसच्या फाटकावरच्या माणसाला फोटो देऊन ठेवला. पुढे काही वेडेवाकडे झाले नाही, पण सहा महिने तिने मुलाला शाळेत एकटे सोडले नाही, हे तिच्या आईने मला बाजारात सांगितले. तिने मला दोष दिला नाही. मला तो दिलेला बरा वाटला असता.

आता यादीत नाव घालण्याआधी आम्ही प्रत्येकीला विचारतो, शक्यतो ऑफिसचा पत्ता घेत नाही, आणि बटण मी एकटी दाबत नाही. सहातली कुणीतरी दुसरी शेजारी बसते आणि पत्ते कुठल्या रकान्यात आहेत ते मोठ्याने वाचते. पाच मिनिटे जातात. त्या मुलीचे नाव ‘वाळवण’ यादीत नाही. तिला मी आदल्या दिवशी वेगळे पत्र लिहिते, आणि तिचे उत्तर येते : शेवया दोन किलो, पार्सल आईकडे ठेवा.